नूरी घोडी आणि करंटाचं मशीन

जनावरांच्या दवाखान्यात किस्से साठायला वेळ लागत नाही. पेशंट बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वाटचं सगळेच बोलून घेतात. चिखलीच्या आमच्या दवाखान्यात मी ड्रेसर आहे. गाई-म्हशींचे, कुत्र्यांचे किस्से चहाबरोबर संपतात. नूरीचे मात्र मी दिवसाउजेडीच सांगतो.

नूरी म्हणजे अमडापूरच्या रफिकभाईंची वरातीची घोडी. पांढरीशुभ्र. ती जन्मली आणि तिची आई गेली, तेव्हा रफिकभाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पांढऱ्या घोड्यांना उतारवयात काळ्या गाठींचा कॅन्सर होतो, तसा तिला झाला. शेपटीखाली, ओठांवर, मानेवर, सगळीकडे गाठी. आमच्या डॉक्टर मॅडमनी एक नवा, प्रयोगातला उपचार सुचवला. गाठीत जनुकाचं इंजेक्शन द्यायचं आणि मग तिथंच सुया टोचून करंटाचे बारीक झटके. झटक्यानं पेशींची दारं क्षणभर उघडतात आणि जनुक आत शिरतं.

रफिकभाईंनी एकच विचारलं, "जगंल ना?"

मॅडम म्हणाल्या, खात्री देत नाही. ते म्हणाले, "मंग करा."

०

पहिलीच खेप. नूरी भुलीच्या औषधानं उभ्या-उभ्या झोपलेली, मान खाली. शेपटीखालच्या गाठीला झटका दिला तसे मागचे पाय हलले. ते समजण्यासारखं होतं. मग पुढचेही उचलले, टेकले, परत उचलले! माझ्या अंगावर काटाच आला. मॅडम म्हणाल्या, करंटानं स्नायू आखडतात, बाकी काही नाही.

रफिकभाई त्या पायांकडेच बघत होते. "हे तर वरातीतली चाल हाय, मॅडम. करंटाले कोनं शिकवली?"

मॅडमनी मशीनचे आकडे पुन्हा तपासले.

०

हे जनुक आत जाऊन करतं काय, असं रफिकभाईंनी एकदा विचारलं. मॅडमनी सोपं करून सांगितलं की त्यामुळे गाठ स्वतःच हाका मारायला लागते आणि अंगातले पहारेकरी त्या ऐकून धावत येतात.

झालं! रफिकभाई रोज सकाळी नमाज झाली की मानेवरच्या गाठीला कान लावून बसायला लागले. पुढच्या खेपेला मलाही म्हणाले, "भाऊ, तुमी ऐका. बोलून राह्यली थे."

गंमत म्हणून मीही कान लावला. काही नाही, असं त्यांना सांगितलं आणि आत जाऊन तो कान साबणानं धुतला. का धुतला, ते विचारू नका.

०

लग्नसराईत तर कहरच झाला. वरातीच्या घोडीला काळा डाग चालत नाही, म्हणून घोडीवाले डागांवर खोबरेल लावून खडूची भुकटी थापतात. मॅडमनी काही गाठींवर खुणा करून ठेवल्या होत्या. त्या गाठींना मुद्दाम झटके द्यायचे नव्हते, तुलनेसाठी. रफिकभाईंनी मेहकरच्या एका लग्नासाठी खुणांसकट सगळं पांढरं केलं आणि वरात उरकून घोडी थेट आमच्याकडे आणली.

मॅडम चिडल्या. ओला बोळा घेऊन पुसायला लागल्या. पुसत राहिल्या. भुकटी निघाली, खुणा निघाल्या, पण त्या खुणांखाली गाठीच नव्हत्या. नुसतं सैल कातडं!

मॅडमचा राग कुठल्या कुठे गेला. पहारेकरी एकदा जागे झाले की दूरच्या गाठीही हुडकून काढतात, त्यासाठीच तर एवढा खटाटोप, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. रफिकभाई मात्र हसले नाहीत.

"अंगातून निघाल्या, ते समजलं," ते म्हणाले. "पर गेल्या कुठी?"

०

एक गाठ राहिलीच. गळ्याच्या आत, सुया पोचणार नाहीत अशा जागी. नूरीच्या प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजायची. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पहारेकरी तिथवर पोचले तर ठीक, नाहीतर श्वास कोंडून ती जाईल. आपल्या हातात आता काही नाही.

रफिकभाईंनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला आणि मग तिच्याभोवती फेऱ्या घालायला लागले. हे काय, असं मॅडमनी विचारलं. लेकरू लई आजारी पडलं की आमच्या घरी मोठी माणसं असंच करत, ते म्हणाले. "हिची बला मले लागो म्हनतो. दुसरं काय हाय माह्याजवळ?"

मग टेम्पोत चढवून तिला घरी घेऊन गेले.

कापूस वेचणीला आला तेव्हा मॅडम आणि मी अमडापूरला गेलो. ती गेली असणार, हेच दोघांच्या मनात होतं. बघतो तर नूरी अंगणात गवत खात उभी! मॅडमनी तिच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावला, कितीतरी वेळ ऐकलं आणि हसल्या. श्वास एकदम मोकळा होता. मला तर रडूच आलं.

रफिकभाई घरातून चहा घेऊन आले. बरेच वाळले होते, पण चेहरा समाधानी होता. "म्या म्हटलं होतं ना, मॅडम," एवढं बोलून ते दम घ्यायला थांबले.

अंगणात बारीक शिट्टी वाजली.

नूरीनं गवत सोडलं आणि कान टवकारून त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी तिच्या गळ्यावरचा स्टेथोस्कोप हळूच काढला.

"रफिकभाई, बसा जरा," त्या म्हणाल्या. "वरचं बटण काढा."