बोरीवरची पाळत

मंगळवेढ्याच्या बजाबाईचा कुणावर म्हणून विश्वास नसायचा. दूध घेताना मापात बोट घालून बघणार, एसटीच्या कंडक्टरनं दिलेलं तिकीट दोघांकडून वाचून घेणार. अशा या बाईनं एकट्या बिरप्पा धनगरावर मात्र भरवसा टाकला होता. वीस वर्षं त्याच्या मेंढ्या तिच्या पडीकात चरायच्या आणि उन्हाळ्यात खतासाठी तिच्या रानात बसायच्या.

त्या पडीकात ओढ्याकाठी एक गावरान बोर होती. संक्रांतीच्या सुगडात बोरं घातल्याशिवाय कुणी बोर तोंडात घालायचं नाही, हा बजाबाईच्या घरचा नेम. मोह नको म्हणून तोवर झाडाखाली फिरकायचंही नाही. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढची दोन वर्षं भोगीला टोपली घेऊन गेलेली बजाबाई हात हलवत परतली. झाडावर नुसता पाला, खाली बिया आणि लेंड्या. सुगडात बाजारची बोरं घालावी लागली, ते तिच्या जिवाला लागलं.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात बिरप्पा सहज म्हणाला, "बजाक्का, बोरं लई गोड झाल्यात औंदा. उतरून घ्या की."

गोड झाल्यात हे याला कसं कळलं? बजाबाईला तेवढं पुरलं. मागच्या दोन वर्षांचा चोर तिला आयता सापडला. तिनं चार माणसांदेखत बिरोबाच्या देवळात बिरप्पाला शपथेचा भंडारा उचलायला लावला.

"झाडाला हात लावला न्हाय," भंडारा मुठीत धरून तो म्हणाला. "राघू तुटून पडल्यात, म्हणून बोललो."

"हळद हाय ती. धुतली की जाती," बजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिरप्पानं मेंढ्या तिच्या पडीकातून हलवल्या आणि शेजारच्या ज्ञानबाच्या रानात नेल्या.

पुढल्या वर्षी चोर रंगेहाथ धरायचाच, म्हणून नेम मोडून बजाबाई दसऱ्यापासून बोरीखाली जाऊन बसली. तिकडं कुणी फिरकलं नाही. कार्तिकातच बोरं पिवळी झाली, मार्गशीर्षात लाल होऊन गळू लागली, आणि राघूंचे थवे उतरले. तिनं एक बोर चाखलं. साखर होती नुसती. मग तिला आठवलं, की अलीकडं पाऊस आधी येतोय आणि आधीच तोंड फिरवतोय, पौषातही अंगावर घोंगडं लागत नाही. झाडानं हे ओळखून आपला फुलोरा महिनाभर आधी उरकायला घेतला होता. बजाबाई मात्र मागची तीन वर्षं संक्रांतीची वाट बघत बसली होती.

तिनं टोपली भरली आणि थेट ज्ञानबाचं रान गाठलं.

"बिरप्पा, झाडच लवकर पिकतंय रं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. चुकलं माझं. मेंढ्या घिऊन ये परत."

बिरप्पानं टोपलीला हात लावला नाही. "भंडारा उचलला तवा मानलं न्हाय तुमी," तो शांतपणे म्हणाला. "आज बोरीनं साक्ष दिली म्हणून मानताय. उद्या एखादं कणीस गेलं, तर साक्षीला कुणाला आणू?"

बजाबाईनं भरलेली टोपली परत डोक्यावर घेतली. जन्मात जोडलेला एकुलता एक भरवशाचा माणूस तिनं आपल्याच तोंडानं घालवला होता, आणि त्याला परत कसा आणायचा ते तिला ठाऊक नव्हतं.