आमच्या ऑफिसातली मिस परेरा

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, पण चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. एका बाईपायी भांडुपात माझी पार वाट लागली होती, आणि ती बाई जन्मालाच आली नव्हती.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, आफ्रिकेत झांबियातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. नुकतीच बी.एड. झालेली पोरगी. मी चारचौघांत छाती फुगवून म्हणालो, "जा, बिनधास्त जा." आता मोठेपणा घेतला, तर निभवायला नको?

आमच्याकडे फोन नव्हता. फोन खालच्या मजल्यावर राणेकाकूंकडे. रंगीत टीव्हीही त्यांच्याचकडे. सुनंदा हेडमास्तरांच्या घरून रविवारी सकाळी फोन करायची, नेमकी टीव्हीवर मालिका चालू असताना. मी रिसीव्हर उचलला की काकू टीव्हीचा आवाज बंद करायच्या आणि अख्खी बिल्डिंग माझ्याकडे तोंड करून बसायची. लाइन इतकी खराब की ओरडल्याशिवाय इलाज नाही. म्हणजे कानही द्यायला नकोत कोणी.

पहिल्या फोनवर ती रडली. "अहो, मुलांचं इंग्लिश मला कळत नाही, माझं त्यांना कळत नाही. फळ्याकडे वळले की सगळा वर्ग हसतो."

मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. म्हटलं, आठवण येतेय आपली.

पुढच्या फोनवर आवाज एकदम खुललेला. "जोसेफने मला वर्ग कसा सांभाळायचा ते शिकवलं." मग काय, दर रविवारी जोसेफ. जोसेफ भूगोल शिकवतो. जोसेफ शाळेपर्यंत सोबत येतो. जोसेफला माझी भाकरी फार आवडते. अहो, माझ्या बायकोच्या हातची भाकरी मी तरी कुठे धड खाल्ली होती? घरात भाकऱ्या आई करायची. आणि तिकडे हा जोसेफ चापतोय.

मी जळून कोळसा झालो. मग ठरवलं, हिलाही जरा जळू दे. पुढच्या रविवारी ओरडलो, "आमच्या ऑफिसात मिस परेरा म्हणून नवीन आलीये. गोराईची आहे. रोज माझ्यासाठी पापलेट तळून आणते."

तिकडून नुसती खरखर. मी आणखी जोरात ओरडलो, "काटे काढून देते, स्वतःच्या हाताने!"

फोन ठेवून वळलो तर खोलीत कोणी हलत नव्हतं. आई दारातच उभी होती. इतकंच म्हणाली, "घराक चल."

घरी लाख सांगितलं, अगं आई, अशी कोणी नाहीच. आई म्हणाली, "तुझो बापूस पण असांच सांगायचो." हे प्रकरण मला नवीनच होतं.

दोनेक दिवसांत आई आणि राणेकाकू अंधेरीला माझ्या ऑफिसात हजर. दारातच शिपायाला विचारलं, "परेरा कुठे आहे?" आता आमच्याकडे परेरा एकच, आमचे साहेब. फोनवर ऐन वेळी दुसरं आडनाव सुचेना, म्हणून मी त्यांचंच उचललं होतं, गोराईसकट. शिपायाने दोघींना थेट केबिनमध्ये नेलं.

काचेतून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. आई हात जोडतेय, काकू बोट नाचवतायत, साहेब घाम पुसतायत. मग मला बोलावणं आलं.

"सावंत," साहेब म्हणाले, "मला बहीण नाय, मुलगी नाय. तुला पापलेट कोण देतो?"

"कोणी नाही, साहेब."

"मग तुझी आई मला का सांगते, तुमच्या पोरीला आवरा?"

सगळं सांगावं लागलं, जोसेफपासून. आत शिरताना केबिनचं दार माझ्याकडून उघडंच राहिलं होतं, त्यामुळे स्टाफला वेगळं सांगायची गरज पडली नाही. आई मात्र बाहेर पडल्यावर म्हणाली, "साहेब चांगलो माणूस. पोरीक सांभाळून घेता."

डिसेंबरात सुनंदा सुट्टीवर आली. बॅग उघडल्याबरोबर तिने आधी फोटो काढला. जोसेफ उंच होता आणि खरंच देखणा होता. शेजारी त्याची बायको ग्रेस, पुढे दोन मुलं. "मी यांच्याच घरात मागच्या खोलीत राहते. सांगितलं नव्हतं का?" सांगितलं असेल. जोसेफ हे नाव आलं की पुढचं माझ्या कानात शिरतच नव्हतं.

तेवढ्यात राणेकाकू वर आल्या आणि सुनंदाचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, मन घट्ट कर. तुझ्या मागे इथे एक मिस परेरा..."

"माहीत आहे, काकू. फोनवर सगळं ऐकू आलं होतं."

मी जरा ताठ बसलो. "मग? काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? ग्रेसला सांगितलं. दोघी पोट धरून हसलो." तिने फोटो पाकिटात घातला. "अहो, तुम्हाला कोण पापलेट तळून आणणार?"

राणेकाकूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"खरंच की गं," त्या म्हणाल्या. "हे आमच्या लक्षातच नाही आलं."