माझा दीड फेरा

मला सर्दी झाली की ती एकटी येत नाही, शेजारपाजारच्या बायकांची मतं घेऊन येते. एक म्हणणार, संध्याकाळी दही खाल्लंस. दुसरी म्हणणार, ओले केस बांधलेस. त्यामुळे त्या जानेवारीत, एका मंगळवारी घसा खवखवायला लागला तेव्हा मी गप्प बसले. पण गप्प बसण्याचं खरं कारण दुसरंच होतं. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी माझ्या मुलीचं ग्राउंड होतं.

ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, आणि पूर्ण मार्क हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत. माझी मुलगी त्या पन्नासच्या आसपास घोटाळत होती. कधी अठ्ठेचाळीस, कधी एक्कावन्न. वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणं दोन पन्नासवर यायचं.

आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहतो. मुलीचे पप्पा वाळूजच्या एका कंपनीत आहेत आणि त्यांची बहुतेक वेळा दुसरी पाळी असते. त्यांचा एकच नियम होता: अंधारात पोरगी एकटी मैदानावर जाणार नाही. कुणी सोबत असेल तर जाईल, नसेल तर त्या दिवशी प्रॅक्टिस बंद. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण नियम त्यांचा होता आणि पहाट माझी होती. पावणेपाचला मी उठायचे, भाकरी टाकायचे, स्कूटीवर तिच्या मागे बसायचे, साडेसातला परत यायचे आणि साडेनऊला औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला उभी राहायचे. दिवसभर उभी. लोकांना वाटतं लायब्ररीत बसून काम असतं.

पहिले दोन महिने मी मैदानावरच्या सिमेंटच्या बाकावर शाल गुंडाळून बसायचे. फिरायला येणारे म्हातारे "जयभीम ताई" करून पुढे जायचे आणि मी डुलक्या काढायचे. तिला शिकवणारे सर एक रिटायर हवालदार. ते फक्त रविवारी यायचे. एका रविवारी त्यांनी मला डुलकी घेताना पकडलं.

"ताई, शाळेत काय खेळायच्या तुम्ही?"

"खो-खो."

"मंग बसता काय इथं? उठा."

त्यांनीच ती पद्धत काढली. ती रेषेवर उभी राहायची आणि मी मैदानाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला, म्हणजे तिच्या अर्धा फेरा पुढे. शिट्टी झाली की दोघींनी एकदम सुटायचं. तिला दोन फेरे, मला दीड. दोघींची शेवटची रेषा एकच. त्या रेषेच्या आत तिने मला धरायचं. "घड्याळ रोज बघायचं नाय," सर म्हणाले, "घड्याळ रविवारी मी बघंन. रोज फक्त मम्मीला धरायचं."

सुरुवातीला तिने मला पहिल्याच फेऱ्यात धरलं आणि मी झाडाखाली ओकले. पण सहा महिन्यांत खो-खोचे पाय परत आले. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, पंजाबी ड्रेस आणि लेकीचे जुने बूट घालून पळत होते आणि चांगली पळत होते. ती मला धरायची ती रेषेच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी. टाकीपाशी धरलं की समजायचं, दोन पन्नासच्या जवळपास आहोत. टाकी हेच आमचं घड्याळ झालं होतं.

तर मंगळवारी घसा, बुधवारी नाक. बुधवारी पहाटे उठले तेव्हा डोकं ओल्या गोधडीसारखं जड. पप्पा झोपले होते. क्षणभर वाटलं, सांगावं आणि पडून राहावं. पण मी पडून राहिले असते तर पोरगीही घरी राहिली असती, आणि शेवटचे आठ दिवस उरले होते. ओव्याची पुरचुंडी ओढणीच्या टोकाला बांधली, स्कार्फने तोंड गुंडाळलं आणि स्कूटीवर बसले. थंड वाऱ्यात नाकातून पाणी वाहत होतं. मी ते स्कार्फमध्ये जिरवलं. आईपणातल्या सगळ्याच गोष्टी लिहिण्यासारख्या नसतात.

त्या दिवशी पळताना मला पहिल्यांदा कळलं की आपण नाकाने किती श्वास घेतो. तोंडाने घेतलेली हवा घशात काचेसारखी लागत होती. पाय चालू होते पण ते कुणा दुसऱ्याचे असावेत असे. टाकीच्या बऱ्याच आधी, वळणावर एक कडुनिंब आहे, तिथे तिचा हात माझ्या पाठीवर पडला.

"मम्मी! निंबापाशीच धरलं!"

तिचा चेहरा बघायला हवा होता. वर्षभरात मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. परत येताना ती स्कूटीवर गाणं म्हणत होती. घरी येऊन पप्पांना झोपेतून उठवून तिने सांगितलं, आज मम्मीला निंबापाशी धरलं. त्यांनी डोळे चोळत "व्हय? लई भारी," म्हटलं, आणि रात्री कंपनीतून आल्यावर मला म्हणाले, "पोरगी भरती काढते बघ यंदा." हा माणूस वर्षात चार वाक्यं स्वतःहून बोलतो. त्यांतलं हे एक होतं.

आता सांगा, मी कशी सांगणार होते? पोरगी वेगात आली नव्हती, मी मंदावले होते. हे मला निंबापाशीच कळलं होतं. पण एक दिवस तिला आनंद होतोय तर होऊ दे, उद्या आपण बऱ्या होऊ आणि गाडं परत टाकीवर येईल, असं मी मनाला समजावलं.

उद्या मी बरी झाले नाही. गुरुवारी तिने मला निंबाच्याही आधी धरलं. शुक्रवारी कपाळ ठणकत होतं, लायब्ररीत शिंका देऊन देऊन मी वाचणाऱ्या पोरांना हैराण केलं, एकाने मला स्वतःचा रुमाल दिला. रात्रभर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालं की एक नाकपुडी उघडायची, एक बंद व्हायची. थकवा असा की भाकरी थापताना हात मध्येच थांबायचे. इतकं दमलेलं असताना माणसाला खरं बोलायचाही कंटाळा येतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण तसं होतं.

शनिवारी मात्र मी घाबरले. तिने मला निंबापाशी धरलं आणि तिथून रेषेपर्यंत ती नुसती रमतगमत आली.

"पूर्ण का नाही पळालीस?"

"धरलं ना तुला. शेवटचे पाय राखून ठेवते ग्राउंडसाठी."

सरांनी हेच तिला वर्षभर शिकवलं होतं की पाय राखायचे नसतात, शेवटचं शंभर मीटरच खरं असतं. आणि माझ्या नाकामुळे तिचं नेमकं तेच शंभर मीटर सुटायला लागलं होतं. उद्या रविवार आहे, सर घड्याळ लावतील, आपोआप कळेल, असं म्हणून मी त्याही दिवशी वेळ काढली. दुपारी सरांचा फोन आला. पुतणीच्या लग्नाला वैजापूरला चाललो, उद्या येत नाही, पोरीला सांगा हलकं पळ.

रविवारी पहाटे मी आल्याचा काढा दोनदा प्यायले. मनाशी ठरवलं होतं की आज अंगात असेल नसेल ते सगळं लावायचं आणि तिला परत टाकीवर आणायचं. बोलायची हिंमत नव्हती म्हणून पळायची हिंमत केली. असाही एक भित्रेपणा असतो.

मी पळाले. शाळेत असतानाही अशी पळाले नव्हते. अर्ध्या फेऱ्यानंतर छातीत शिट्टी वाजायला लागली. वळणावर निंब आला तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके होते, पण पाठीवर हात पडला नाही. टाकी आली. तिथेही नाही. ती रोजच्यासारखी निवांत सुटली होती, निंबापाशी मी सापडणारच या हिशोबाने, आणि उशिरा जागी झाली होती. मी रेषा ओलांडली आणि बाकावर आडवी पडले. खोकला थांबेना. एक आजोबा काठी टेकत आले आणि बाटलीतलं पाणी देऊन गेले.

ती समोर उभी होती. मला वाटलं होतं ती विचारेल, मम्मी, तुला काय झालं? तिने विचारलं, "मला काय झालं?" चेहरा पांढरा पडला होता. "आज पायच नाय उठले. मम्मी, बुधवारी ग्राउंड आहे."

मग सांगावंच लागलं. बाकावर पडल्या पडल्या, खोकत खोकत, सगळं सांगितलं. मंगळवारपासूनचं. तिला काही झालेलं नाही, आधीचे चार दिवस मी कमी पळत होते.

ती बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली.

"बुधवारीच सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू मला आणलं असतं?"

"नसतं आणलं."

"मग पप्पांनी तुला सोडलं असतं?"

ती स्कूटीकडे चालायला लागली. परत येताना तिने स्कूटी नेहमीपेक्षा हळू चालवली. माझ्या अंगाला वारा लागू नये म्हणून की रागाने, ते मला कळलं नाही. घरी आल्यावर तिने पप्पांना काहीच सांगितलं नाही. त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली.

बुधवारी चाचणीच्या मैदानाबाहेर आम्ही आया भिंतीला टेकून बसलो होतो. प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी, पिशवीत केळी, पाणी आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स. आत कुणाला सोडत नाहीत. माझी सर्दी तोवर उतरली होती, नुसता खोकला उरला होता. अकराच्या सुमाराला ती बाहेर आली. छातीवरचा नंबर तसाच होता.

"दोन बावन्न," ती म्हणाली.

मी केळं सोलून दिलं. तिने ते हातातच धरलं.

"आमच्या बॅचमधी मी पहिली होते, मम्मी. टाकीसारखं काय नव्हतं तिथं. समोर कुणीच नव्हतं."

यादी लागली तेव्हा तिचं नाव लेखीसाठी नव्हतं. किती मार्कांनी राहिलं हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. धावणं सोडून गोळाफेक होती, शंभर मीटर होतं, कुठे काय गेलं कोण सांगणार? पण ती दोन सेकंदं माझी आहेत असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं. लायब्ररीत मी एखादं पुस्तक शेल्फात सरकवते तेवढ्यात दोन सेकंदं जातात. मी दिवसभर ती मोजत राहायचे.

पप्पा एक दिवस जेवताना म्हणाले, पुढच्या भरतीला बघू. त्यांचं वर्षातलं आणखी एक वाक्य संपलं. आम्ही परत पावणेपाचला उठायला लागलो. पण ती आता मला धरायची आणि काही बोलायची नाही. टाकीपाशी हात पडायचा, हलकाच. मला तो पूर्वीसारखा हवा होता.

ऑक्टोबरात एका पहाटे ती उठली तेव्हा तिचा आवाज बसला होता. नाक लाल, डोळे पाणावलेले. मी म्हटलं, "आज राहू दे. एक दिवसाने काय होतंय?"

"तू राहिली होतीस का?" ती म्हणाली. रागाने नाही. ओव्याची पुरचुंडी मीच तिच्या हातात दिली.

मैदानावर मी माझ्या जागेकडे, पलीकडच्या बाजूला निघाले तेव्हा तिने मागून हाक मारली.

"मम्मी. मला सर्दी आहे म्हणून कमी पळायचं नाय."

"नाही पळणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

आम्ही सुटलो. मला बरं होतं, छाती मोकळी होती, पाय माझेच होते. पहिला फेरा छान गेला. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात मागून तिचा श्वास ऐकू यायला लागला. तोंडाने घेतलेला, घरघरता, मध्येच अडकणारा. मला तो श्वास माहीत होता. तो घशात कसा लागतो हे मला माहीत होतं. वळणावर निंब आला आणि माझे पाय आपोआप मंदावायला निघाले. थोडंसंच. कुणाला कळलंही नसतं, हात पाठीवर पडला असता, ती हसली असती.

मी मंदावले नाही. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही, बाळंतपण धरून. टाकी गेली. तिचा श्वास हातभर मागे होता आणि तसाच मागे राहिला. मी रेषा ओलांडली आणि मागे वळून बघायलाही घाबरले.

ती आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, खोकली. मग तिने माझ्या ओढणीचं टोक ओढून त्यालाच खसाखसा नाक पुसलं, आणि कित्येक महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"उद्या धरते," ती म्हणाली.