आमच्या पिंजऱ्यांची तपासणी

हौशी लोकांच्या टोळक्यात किस्से साचतच जातात. आमच्या टोळक्याचे मात्र हल्ली सांगताना हसू कमी आणि लाज जास्त वाटते.

आम्ही सुरतेतली काही मंडळी रविवारी कामरेजजवळच्या मैदानात शंकू मांडतो आणि त्यांतून एकेकानं गाडी वेगात काढायची, असा आमचा ऑटोक्रॉस. गाडी उलटली तर माणूस चेपू नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा लागतो, म्हणजे रोल केज. त्याचे नियम इंग्रजीत. मी बँकेतला, सर्क्युलरचा सोयीचा अर्थ लावण्यात मुरलेला, म्हणून तपासणी माझ्या गळ्यात पडली. माझा अर्थ सहसा एकाच गुजराती शब्दाचा, "चालशे!" म्हणजे चालेल.

*

पाइपची जाडी मोजता यावी म्हणून त्याला एक बारीक भोक हवं, असा नियम. कापडवाल्या भद्रेशभाईंनी पिंजराभर भोकं पाडली. म्हणाले, "साहेब, रूल एक मागतो, आपण छूटथी, सढळ हातानं दिली. वजन पण घटलं!"

पिंजऱ्याची चाळण झाली होती. आम्ही पोट धरून हसलो आणि मी गाडी पास केली.

*

विलास ताडमाड उंच. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं वरच्या पाइपच्या खाली राहायला हवं. तपासणीपुरता तो सीटवर घसरून, गुडघे छातीशी घेऊन बसायचा. असाच चालवणार का, असं मी विचारलं.

"नियमात 'बसलेला' म्हटलंय. कसा, ते कुठं म्हटलंय?"

तोही पास.

*

माझ्याच ब्रँचमधल्या मकरंदची तऱ्हा वेगळी. पिंजऱ्याचे पाय तळाच्या पत्र्याला आरपार बोल्टनं आवळायचे असतात. यानं ते चार स्क्रूंवर उभे केले, कारण सोमवारी पिंजरा काढून सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात न्यायचं असायचं.

"नियमात पक्का म्हटलंय, कायमचा नाही," तो म्हणाला. मला हा अर्थ इतका आवडला, की मी त्याची पाठ थोपटली. आता आठवलं की कसंतरी होतं.

*

गेल्या रविवारी माझी गाडी माझी मुलगी सायली पळवणार होती. पहिल्यांदाच. निघताना बायकोनं एवढंच विचारलं, "तुम्ही नीट बघितलंय ना?"

सायलीनं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. मी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलचा टॉर्च लावून आत वाकलो. पाइप बमरोलीच्या फर्निचरवाल्याकडून आणलेले, खुर्च्यांचे. एका जोडावर अंगठा रेटला तर रंगाचा पोपडा निघाला. खाली भेग होती.

"उतर," मी म्हणालो.

"का? चालशे ने, बाबा?"

"नाही चालणार. नियमात बसत नाही."

शरमेनं मला मान वर करवेना. रांगेत पुढची गाडी मकरंदची होती, तो हेल्मेट घालून तयार बसला होता. त्याची बायको शेजारी डबा घेऊन उभी होती. तिनं डबा बॉनेटवर ठेवला, खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली.