पाण्याखालचा वाटा

माझ्या बापानं मला वाटणीत पाणी दिलं. खोटं सांगत नाही. पंच बसले होते आणि बाप म्हणाला, थोरल्या भावाच्या पाया पड. आमच्या भांडणात चूक थोरल्याची होती. मी पडलो नाही. तेव्हा बाप पंचांकडं वळला, "वरचं रान थोरल्याला. धाकट्याला गाळ. लई ताठ हाय न्हवं? पिकवू द्या पाण्याखालची जमीन."

पंच हसले. एक जण म्हणाला, "बैलांना पवायला शिकीव रं!"

धरणात आमचं जुनं गाव आणि भातखाचरं केव्हाच बुडाली होती. पावसाळा सरला की धरणाचं पाणी हळूहळू उतरतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. त्यात हरभरा टोकायचा, ही गाळपेर. जमीन सरकारची, पण कुणी कुठं पेरायचं ते गावात ठरलेलं. पाणी सावकाश मागं सरतं, त्याच्या ओलीवर पीक येतं. कधी पेरायचं तेही ठरलेलं. बुडालेल्या देवळाचा कळस पाण्यावर दिसला की दुसऱ्या दिवशी टोकण. त्यात कुणी शहाणपण करत नसे.

तेव्हा माझं लग्न नवं होतं. सासरा किकवीचा. वाटणीचं ऐकून आला, बसलासुद्धा नाही. "पाव्हणं, माझी पोर चिखल खायाला दिली न्हाई म्या. सुगीला येतो. कणगीत दाणा दिसला तर ऱ्हाईल, न्हाई तर नेतो." आत बायको भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

त्याच साली धरणाच्या पायथ्याला वीजघर सुरू व्हायचं होतं. कोळसा नको, तेल नको, नुसत्या पाण्याच्या जोरावर वीज, म्हणून लोक कौतुकानं बघून यायचे. मीही जाऊन आलो होतो. मला काय ठाऊक ती कुणाच्या पाण्यावर चालायची!

त्या हिवाळ्यात कळस लवकर दिसला. मला वाटलं, देव आपल्या बाजूनं झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी घरातलं सगळं बी टोकलं. बाकीच्यांनीही टोकलं, पण त्यांना वरची रानं होती.

हरभरा दोन बोटं वर आला आणि पाणी पळत सुटलं. सकाळी पाहिलेला काठ दुसऱ्या सकाळी पार खाली गेलेला. मागं गाळाला भेगा. मी धरणावर गेलो. वीजघराच्या दारात एक माणूस विडी ओढत होता.

"पाणी का सोडताय?"

"चाकं फिरवून बघतोय. पाणी सोडल्याबिगर वीज व्हती का, पाव्हणं?"

"माझा हरभरा वाळतोय."

"मग त्याला सांगा, दम धर." त्यानं विडी पुढं केली. मी घेतली नाही.

मग आम्ही हंड्यानं पाणी वाहायला लागलो. जितकं वाहावं तितकं पाणी लांब जायचं. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जायचे. बायको एकदा हंडा टेकवून म्हणाली, "अवो, हे पाणी तुमच्या आबांचं सख्खं दिसतंय. तुमाला बघितलं की तोंड फिरवतंय."

बाप रोज वरच्या बांधावर येऊन बसायचा. मी हंडा भरायला वाकलो की ओरडायचा, "तवा एकदा वाकला असतास, तर आता रोज वाकायची पाळी आली नसती!"

घाटे लागले ते पोचट. सासरा बोलल्याप्रमाणं सुगीला आला. त्यानं कणगीत हात घातला, तळापर्यंत. बाहेर काढला आणि तळहातावर फुंकर मारली. कोंडा उडाला.

बायको मला परसात घेऊन गेली. "आबांकडनं पायलीभर आना. निस्तं दाखवायपुरतं. मी मागून फेडीन."

"बापाचा दाणा माझ्या कणगीत पडणार न्हाई."

"मग मला तरी कशाला ठेवताय?" ती म्हणाली, आणि लुगड्याची घडी काखेत मारून आपल्या बापामागं गेली. बापाच्या दाण्याचं आजही कुणी विचारलं तर मी तेच उत्तर देईन.

पुढच्या साली कळस दिसला. गाव पेरायला उतरलं. मी धरणाखाली जाऊन नदी बघितली. वीजघराखालची धार फेसाळत होती. मी परत आलो. लोक म्हणाले, "बायकू गेली, आता कळस बी दिसंना व्हय रं?" मी रोज नदी बघून यायचो. धार बारीक झाली, पाणी काठाला ठरलं, तेव्हा टोकलं. त्यांचा वाळला. माझा आला, घाट्या-घाट्याला दाणा.

पोतं येस्टीच्या टपावर टाकून किकवी गाठली. सासरा ओट्यावर होता. पोत्याकडं बघून म्हणाला, "उशीर केला, पाव्हणं. काडीमोड केली. तिचा पाट लावला उत्रोलीला."

मला निरोपसुद्धा नव्हता.

मी पोत्याचं तोंड सोडलं. खांद्यापर्यंत हात घातला, तळातनं मूठ भरून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"फुंका आता."

त्यानं फुंकलं नाही. मूठ मिटली. पोतं तिथंच टाकून मी निघालो. भोरला उतरलो तेव्हा हॉटेलात बल्ब लागले होते. लख्ख उजेडात लोक भजी खात होते. मी उभ्यानं चहा प्यालो आणि घराकडं चालू लागलो. आमच्या गावात अजून तार आली नव्हती.