दोन पानांची सिद्धता

ग्रेटर नोएडातल्या एका खासगी कॉलेजात मी सॉफ्टवेअरच्या मुलांना गणित शिकवायचो. संच, तर्क, सिद्धता. प्रोग्राम नेहमी बरोबरच वागेल हे तो न चालवता कागदावर कसं दाखवायचं, एवढाच माझा विषय. दिल्लीतल्या मयूर विहारहून तासभर प्रवास करून पोचायचो आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायचं, "सर, प्लेसमेंट में ये पूछते हैं क्या?" मी नाही म्हणायचो. मग बहुतेक माना फोनवर झुकायच्या.

एका वर्षी एक मुलगी ऐकायला लागली. घरचे मूळ नागपूरचे, वडील केंद्र सरकारात, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत. माझ्याशी मराठीत बोलायची, शब्द अडला की हिंदीत. तिच्या गटानं हॉस्टेलच्या खोल्या वाटणारा प्रोग्राम लिहिला होता. एका खोलीत एकच विद्यार्थी, हा नियम. तो पाळला जातो हे तिनं सिद्ध करायला घेतलं आणि ते सिद्ध होईना. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर तीच खोली दोघांना मिळत होती. दोन पानांत तिनं हे इतकं स्वच्छ मांडलं होतं की मी ती पानं घरी नेऊन पुन्हा वाचली.

गटातले म्हणाले, "यार, डेमो तो चल रहा है."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सब ठीक चलता है?" बाकीचे हो म्हणाले. ती म्हणाली, "नहीं सर," आणि पानं पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाहीत. "तो अधूरा काम लेकर क्यों आई हो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ते आमच्या विभागप्रमुखांचे मित्र, आणि माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं व्हायची. मी खाली बघत गुणपत्रिका भरत राहिलो. गटात सगळ्यात कमी गुण तिला मिळाले.

दोन दिवसांनी ती केबिनमध्ये आली.

"सर, सिद्धतेत काही चुकलं होतं का?"

"नाही. बिल्कुल नाही."

"अच्छा. मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मी तिला पाणी विचारलं. नको म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी विषय ऐच्छिक झाला. तीनच मुलांनी नावं दिली, म्हणून कॉलेजनं तो बंद केला. आता मी ॲप बनवायला शिकवतो, वर्ग भरलेला असतो. ती गुडगावात नोकरीला लागल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.