नीलाबाई आणि बेलाचा गर

नागभीडजवळच्या आमच्या गावात नीलाबाई शाळेत खिचडी शिजवतात. मी स्वाती, गावची आशा सेविका. गेल्या वर्षी शिबिरात त्यांना साखरेचा आजार निघाला, रक्तातली चरबीही वाढलेली. दोन्ही वेळ भात आणि दिवसभर साखर घातलेलं, गाळलेलं बेलाचं सरबत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी म्हटलं, "प्याचंच असंन तं बेलाचा गर चोथ्यासकट घुसळा. साखर, गूळ काई नाई. चोथ्यानं साखर हळू चढते."

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. तीन महिन्यांत जेवणानंतरची साखर अडीचशेवरून दीडशेवर आली, चरबीही उतरली. हे सगळं बेलानंच झालं असं नाही; गोळ्या चालू होत्या, भात निम्म्यावर आला होता. पण नीलाबाईंना भरवसा बेलाचाच. मला न सांगता त्यांनी सकाळचं जेवण सोडलं. गोळी घ्यायची आणि पेलाभर गर प्यायचा, बस.

एप्रिलात आम्ही दोघी जंगलात बेल वेचायला गेलो. ऊन डोक्यावर आलेलं, पाखराचाही आवाज नाही. नीलाबाई एकाएकी थांबल्या. कपाळावर घाम, ओठ थरथरत होते.

"कला हाका मारून राह्यली."

कला त्यांची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी याच बाजूला आली ती परतलीच नाही. टोपली तेवढी सापडली.

"कोनी नाई इथी. बसा तुमी."

"सावलीत बसली हाये. ये म्हनते." त्या हसत होत्या आणि झुडपाकडे चालू लागल्या होत्या.

मी हात धरला. थंडगार, ओला. बळेच बसवून पिशवीतलं साखर मोजायचं मशीन काढलं, त्यांच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर बावन्न; सत्तरच्या खाली म्हणजे धोका. त्यांनी स्वतःची गराची बाटली उघडली.

"ते नाई! ते हळू चढते!" मी पिशवीतली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून त्यांना पाजली.

दहा मिनिटांनी त्यांनी मला ओळखलं.

"मी इथी कशी आली?"

"साखर उतरली. त्यानं असे भास होतात."

"मंग तू काऊन मांगं पाहून राह्यली?"

मी त्यांना उठवून गावाची वाट धरली. त्या डोळे मिटून बसल्या होत्या तेव्हा झुडपातून कोणीतरी हळूच म्हणालं होतं, "नीलाबाई, ये ना वो." मी तर सकाळी भरपेट जेवून निघाले होते.

डॉक्टरांनी गोळी कमी केली, उपाशी राहू नका म्हणून बजावलं. नीलाबाई आता जेवणासोबतच गर घेतात. बेल मूल गावच्या बाजारातून आणतात. साखर बरी आहे.

जूनमध्ये मी न राहवून त्यांना झुडपातल्या त्या आवाजाचं सांगितलं. त्यांचा गर घुसळणारा हात थांबला नाही.

"तुया नावानं बलावलं का?"

"नाई. तुमच्याच."

"मंग तुले भ्याचं कारन नाई," त्या म्हणाल्या आणि पेला माझ्या हातात दिला.